5 जूनला नवी रोपं लावायची की गेल्या वर्षीची मोजायची?

बालाघाट_पायथा | 18 मे 2024

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं ते आज लिहून टाकतो, लांबलंय पण शेवटपर्यंत वाचा.

माझं गाव बार्शी तालुक्यात, बालाघाटच्या पायथ्याला. आमचं आठ-दहा जणांचं मंडळ आहे आणि गेली चार वर्षं 5 जूनला, पर्यावरण दिनाला, आम्ही गावाच्या टेकडीवर झाडं लावतो. मी पहिल्यापासून त्यात आहे, खड्डे खणलेत, वर्गणीच्या पावत्या फाडल्यात, त्यामुळे पुढचं जे लिहितोय ते दुसऱ्या कुणाला बोल लावायला नाही, आमच्याबद्दलच आहे.

गेल्या वर्षी 120 रोपं लावली. सकाळी साडेदहाचा कार्यक्रम, ऊन मी मी म्हणत होतं. टँकरने एकदा पाणी दिलं आणि मग आभाळाकडे बघत बसलो. 2023 चा जून आठवतोय ना, मान्सून 11 तारखेला कोकणात आला आणि तिथेच अडकला, पुढे 25 तारखेला मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. तोवर ही रोपं कोरड्या मुरमात उभी. नंतर ऑगस्ट आला तो 1901 पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. दिवाळीच्या आधी सरकारने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आमचा तालुका होता.

परवा संध्याकाळी एकटाच वर गेलो. काठ्या दिसतात, रोपं नाहीत. एक वडाचं रोप होतं, म्हणजे वाळकी काडीच, ती धरून ओढली तर काही जोर न लावता हातात आली आणि खाली बघतो तर काळी पिशवी तशीच. कुणीतरी घाईत पिशवीसकट खड्ड्यात ठेवलेलं. मुळं आतल्या आत गोल फिरून अगदी चुंबळ झाली होती, एकही मूळ पिशवीच्या बाहेर गेलेलं नव्हतं. ती पिशवी घरी आणलीय आणि ओट्यावर ठेवलीय, बायको म्हणते टाका ती, माझ्याच्याने टाकवत नाही.

मग जरा वाचलं की 5 जूनच का. 1972 साली स्वीडनमध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद भरली ती 5 जूनला सुरू झाली, यजमान देशाचे पालमे सोडले तर पंतप्रधान म्हणून तिथे गेल्या त्या एकट्या इंदिरा गांधी. त्या परिषदेची आठवण म्हणून 1973 पासून हा दिवस. म्हणजे तारखेचा पावसाशी संबंधच नाही. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते रोहिणी अजून सरली नाही, मृग 7 ला निघणार, आणि मृगाचा पाऊस पडला तरी रोप लावायला आर्द्रा बघ, जमीन हातभर ओली होऊ दे.

तर माझं म्हणणं सरळ आहे. 5 जूनला झाडं लावूच नयेत. त्या दिवशी गेल्या वर्षीची मोजावीत. गावाला बोलवायचंच आहे ना, बोलवा, टेकडीवर न्या आणि सगळ्यांसमोर मोजा किती जगली. लावायची ती पाऊस झाल्यावर, जुलैत. मंडळात हे बोललो तर दोघं नाराज झाले. यंदा 4 जूनला लोकसभेचा निकाल आणि आचारसंहिता, त्यामुळे पाहुणे तसेही येणार नाहीत, बदल करायचा तर हीच वेळ आहे असं मला वाटतं. तुमच्याकडे या दिवसांचं काय होतं ते लिहा.

वर्गशिक्षिका | 18 मे

दादा, पिशवीचं वाचून पोटात तुटलं.

पण मी थोडं दुसऱ्या बाजूने लिहिते. मी जत तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, बावीस वर्षं झाली. आम्हाला वर्षभर दिनविशेषांचे कागद येतात, 2 फेब्रुवारी पाणथळ दिन, 3 मार्च वन्यजीव, 20 मार्च चिमणी, 21 ला वन, 22 ला पाणी, 22 एप्रिल वसुंधरा, 22 मे जैवविविधता, 16 सप्टेंबर ओझोन... घोषवाक्य, प्रभातफेरी, निबंध. खूप ठिकाणी ते उरकलं जातं हे खरं आहे. तरी मला हे दिवस लागतात. एरवी मी सरपंचांकडे गेले की शाळेला पाण्याची टाकी द्या तर ते म्हणतात बघू मॅडम. पर्यावरण दिनाच्या आदल्या आठवड्यात गेले तर टाकी येते. दिवस म्हणजे माझ्या हातातलं पत्र आहे, ते पत्र काढून घेऊ नका.

मोजायचं म्हणताय ते मात्र लाखमोलाचं. आमच्याकडे पाचवीच्या प्रत्येक मुलाची झाडाची वही आहे. सुतळीने खोडाचा घेर घ्यायचा, पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर, ती सुतळी पट्टीवर ठेवून आकडा लिहायचा, खाली तारीख. वर्षातून दोनदा. रोप लहान असेल तर उंची. एका मुलीचं कडुनिंब शेळीने खाल्लं तर तिने वहीत लिहिलं "आज झाड नाही" आणि पुढे दीड महिना रोज "आज झाड नाही". मग एक दिवस "दोन पानं". बुंध्यातून फुटलं होतं. ती आता नववीला आहे, झाड शाळेच्या पत्र्याच्या वर गेलंय.

रोपवाला | 19 मे

माझी रोपवाटिका आहे म्हणून बोलतो. 1 जून ते 5 जून माझा फोन बंद होत नाही आणि जुलैत कुणी विचारत नाही, खरं तर उलटं पाहिजे. लोक मागतात काय, गुलमोहर द्या लवकर वाढतो. गुलमोहर मादागास्करचा, फुलतो छान पण वाऱ्यात फांद्या पडतात आणि त्याच्यावर आपल्याकडची पाखरं-किडे फार जगत नाहीत. बार्शीच्या मुरमाड टेकडीला करंज, कडुनिंब, बोर, खैर, हिवर, पळस, अंजन असलं काही घ्या. आणि दीड फुटाचं रोप घेऊ नका, दोन पावसाळे बघितलेलं चार-पाच फुटाचं घ्या, पैसे जास्त जातात पण टँकरचे वाचतात.

खड्डे आत्ता मे मध्येच खणा. उन्हात तापू द्या, किडी मरतात. माती बाहेर काढताना वरची वेगळी आणि खालची वेगळी ठेवा, भरताना वरची माती मुळांशी गेली पाहिजे. पिशवी ब्लेडने उभी चिरायची आणि मुळं खाली गोल झाली असतील तर तेवढा वेढा कापून टाकायचा, घाबरायचं नाही, नवीन मुळं सरळ जातात. ज्याच्या हातात रोप दिलं त्याच्याकडून रिकामी पिशवी परत घ्यायची, मी तर म्हणतो पिशव्या मोजूनच कार्यक्रम संपवायचा.

बाकी तारखेचं म्हणाल तर आपल्या देशाने स्वतःचा ठरवलेला दिवस बरोबरच होता. वनमहोत्सव, 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, जुलैचा पहिला आठवडा. पाऊस बघूनच ठेवलाय. 2016 ला महाराष्ट्र सरकारने एका दिवसात 2 कोटी झाडांची मोहीम घेतली तीही 1 जुलैला.

ईरीकाठ | 19 मे

क्लीव्हलंडहून लिहितेय (अमेरिकेतलं ओहायो), माहेर साताऱ्याचं. तारखांवरून आठवलं. 22 एप्रिलचा वसुंधरा दिन इकडचाच. 1970 ला विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी सुरू केला, आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलाची विहीर फुटली होती ते बघून आल्यावर. तारीख 22 एप्रिल का, तर कॉलेजांची वसंताची सुट्टी संपलेली असते आणि परीक्षा अजून लागलेल्या नसतात, पोरं मोकळी सापडतात. इतकं साधं कारण. इकडे तेव्हा हवाही छान असते, झाडांना पालवी फुटत असते. सोलापुरात त्याच दिवशी 42 डिग्री. त्यामुळे तारखेबद्दल तुमचं पटलं.

पण दिवसाची ताकद मी इथे नदीच्या रूपात बघते. आमच्या शहरातून कायाहोगा नावाची नदी ईरी सरोवराला मिळते. 22 जून 1969 ला ती नदी पेटली. पाण्यावर इतकं तेल आणि कारखान्यांची घाण होती की ठिणगी पडून आग लागली. आणि ती पहिली वेळ नव्हती, आधी कितीदा तरी पेटली होती, 1952 ची आग तर कितीतरी मोठी. 69 ची आग अर्ध्या तासात विझली, पण तेव्हा लोकांचा संयम संपला होता. पुढच्या एप्रिलला देशभर 2 कोटी माणसं रस्त्यावर आली, त्याच वर्षी डिसेंबरात पर्यावरणाचं स्वतंत्र सरकारी खातं झालं, 1972 ला पाण्याचा कायदा, 1973 ला संकटात आलेल्या प्राण्यांचा कायदा. 2019 ला, आगीला 50 वर्षं झाली त्या वर्षी, ओहायोच्या खात्याने जाहीर केलं की या नदीतले मासे आता खायला हरकत नाही. मी शनिवारी मुलाला घेऊन जाते तेव्हा काठावर बगळे असतात, मोठे निळसर राखाडी. मुलाला सांगितलं ही नदी जळायची तर तो म्हणतो आई पाणी कसं जळेल.

म्हणून म्हणते, ज्या दिवसाच्या मागे लोकांचा राग आणि पुढे कायदा असतो तो दिवस काम करतो.

बालाघाट_पायथा | 19 मे

ईरीकाठ ताई, पाणी कसं जळेल हे वाचून थांबलोच.

वर्गशिक्षिका ताई, पत्र काढून घ्यायचं नाहीच, तुमचं म्हणणं मान्य. दिवस राहू दे, त्या दिवशी करायचं काम बदलू एवढंच. तुमची वहीची कल्पना आमच्या शाळेत घेऊ का?

वर्गशिक्षिका | 19 मे

विचारताय काय, घ्याच. सुतळी ताणून घ्यायला शिकवा नाहीतर घेर जास्त येतो, आणि सालीवर चुन्याने रेघ मारून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागी मोजलं जाईल.

मिरजेचा_मेकॅनिक | 20 मे

मी इथे लिहीत नाही फारसा, वाचतो. पण मॅडमनी ओझोन दिन लिहिलं म्हणून लिहितो कारण तो एक दिवस माझ्या धंद्यातला आहे.

मी फ्रिज-एसीचं काम करतो, 1996 पासून. शिकलो तेव्हा फ्रिजमध्ये आर-12 असायचा, सगळे त्याला फ्रिऑनच म्हणायचे. वास नाही, पेटत नाही, विषारी नाही, हातावर उडाला तर फक्त गार लागतो. उस्ताद शिकवायचे की लिकेज काढायच्या आधी उरलेला गॅस सोडून दे, चार्जिंग पाइप कापायचा आणि फुस्स. दिवसाला तीन-चार फ्रिज. आम्हाला वाटायचं हवाच आहे हवेत गेली.

कुठे जात होती ते नंतर कळलं. 1974 ला मोलिना आणि रोलंड या दोघा शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं की हा गॅस खाली काही करत नाही म्हणूनच टिकतो, तरंगत वर जातो, तिथे अतिनील किरणांनी फुटून त्यातला क्लोरीन सुटतो आणि एक क्लोरीनचा अणू लाखभर ओझोनचे रेणू मोडू शकतो. कंपन्यांनी तेव्हा मानलं नाही. मग 1985 ला अंटार्क्टिकाच्या हॅली नावाच्या तळावरच्या ब्रिटिश लोकांनी मोजून दाखवलं की तिथे दर वसंतात वरचा ओझोन झपाट्याने कमी होतोय. तिथे 1950 च्या दशकापासून वर्षानुवर्षं मोजणी चालू होती म्हणून तर सापडलं, हे बालाघाट दादांच्या मोजणीसाठी सांगतो. दोन वर्षांत, 16 सप्टेंबर 1987 ला माँट्रियलला करार झाला. ओझोन दिन ही त्याच कराराची तारीख, म्हणजे आधी काम आणि नंतर दिवस. जगातला प्रत्येक देश त्याच्यात आहे.

आपला देश 1992 ला आत आला आणि 1 जानेवारी 2010 पर्यंत आर-12 बनवणं बंद झालं, दम्याच्या पंपासाठी थोडी सूट होती तेवढी सोडून. माझ्या दुकानात फरक कसा दिसला सांगतो. आधी सिलिंडर महाग व्हायला लागला, मग त्याच्या जागी 134ए गॅस आला त्याला तेल वेगळं, जुनं तेल चाललं नाही म्हणून कॉम्प्रेसर जाम व्हायचे, आम्ही शिव्या घालायचो. मग घरच्या फ्रिजला 600ए, तो पेटणारा, ब्रेझिंगच्या (नळी आगीने तापवून जोडण्याच्या) आधी पूर्ण काढायलाच लागतो. एसीत आर-22 होता त्याला 2030 पर्यंत निरोप द्यायचा आहे, आता बहुतेक आर-32. 2016 ला रवांडातल्या किगालीला त्याच करारात नवीन भर घातली, कारण 134ए आणि 410ए ओझोनला त्रास देत नाहीत पण धरती तापवतात. 410ए चा एक किलो म्हणजे दोन हजार किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. 

म्हणून आता मी गॅस सोडत नाही. रिकव्हरी मशीन घेतलं, जुनं मिळालं. गिऱ्हाईक म्हणतो एवढा वेळ का, मी सांगतो काढून घेतोय. माझ्याकडे शिकायला दोन पोरं आहेत, 16 सप्टेंबरला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्यांच्याकडून सिलिंडरचं वजन करून घेतो, वर्षभरात किती गॅस परत घेतला ते. भिंतीवर खडूने लिहितो. शास्त्रज्ञांचा 2022 चा अहवाल म्हणतो की असंच चालू राहिलं तर बहुतेक जगावरचा ओझोन 2040 च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा 2066 च्या सुमारास 1980 सारखा होईल. मी तेव्हा नसेन बहुतेक पण ती दोन पोरं असतील.

कडवाकाठ | 20 मे

मेकॅनिक भाऊ, हात जोडतो. असं आतलं कुणी सांगत नाही.

मी निफाडचा. आमच्या नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कडवा नदीचं पाणी एकत्र येतं, जानेवारी 2020 ला ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. नंतर लोणार आणि ठाण्याची खाडी आली, गोव्यात कुडचड्याजवळचा नंदा तलाव. 2 फेब्रुवारीचा पाणथळ दिन इराणमधल्या रामसर गावातल्या 1971 च्या करारावरून. मला हा दिवस आवडतो कारण त्याच्या आधी जानेवारीत पक्ष्यांची मोजणी असते, आशियाभर, 1987 पासून. थंडीत पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहायचं, धुकं उठलं की दुर्बीण लावायची, एक जण बोलणार आणि एक जण लिहिणार. वारकरी नावाचे पाणपक्षी पाण्यावर काळे ठिपक्यासारखे शेकड्याने असतात, ते मोजताना दहा-दहाचे गट डोळ्याने धरायचे असतात, पहिल्या वर्षी मला जमलंच नाही, मध्येच दलदल ससाणा यायचा आणि सगळे उडायचे, परत पहिल्यापासून.

चिमणी दिनाचं पण सांगतो कारण तो आमच्या जिल्ह्यातून जगात गेला, नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी 2010 ला सुरू केला. लोक त्या दिवशी घरटी आणि दाणे वाटतात, चांगलंच आहे, पण चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. अंगणात एखादं देशी झुडूप आणि औषध न मारलेला कोपरा ठेवला तर चिमणी राहते.

माळटिटवी | 21 मे

बालाघाट_पायथा, एक विचारतो, राग नसावा. ती टेकडी तुम्ही झाडं लावायच्या आधी कशी होती?

बालाघाट_पायथा | 21 मे

उजाडच. पावसाळ्यात गुडघाभर गवत यायचं, दिवाळीनंतर पिवळं पडायचं. धनगरांची मेंढरं यायची. वर चारदोन बोरीची झुडपं. सातबाऱ्यावर गायरान आहे.

माळटिटवी | 21 मे

मग ती उजाड नव्हती दादा, माळ होता. हे लिहायला जरा जड जातंय कारण तुमची तळमळ कळते.

मी सोलापूर भागात माळावर फिरतो, नान्नज तुमच्यापासून लांब नाही. तिथलं माळढोक अभयारण्य 1979 चं. माळढोक आता देशात दीडशेच्या आसपास उरलाय आणि बहुतेक राजस्थानात. त्याला झाड नको असतं, मोकळं गवत हवं, तो जमिनीवर अंडं घालतो आणि लांबवर बघत चालतो. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, धाविक, माझ्या नावाची माळटिटवी, सगळी याच उघड्या रानाची. आपण झाड नाही म्हणजे पडीक असं धरून चाललो आणि ठिकठिकाणी ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावत सुटलो. पाऊस 600 मिलिमीटरच्या आत, माती वीतभर, खाली खडक, तिथे निसर्गाने हजारो वर्षं गवतच ठेवलंय आणि ते गवत मुळांमधून जमिनीत कार्बन साठवतं, माती धरून ठेवतं, मेंढरं जगवतं. तुमची रोपं मेली त्यात पाऊस आणि पिशवी आहेच, पण जागाही एक कारण असेल.

यंदाच्या पर्यावरण दिनाचा विषयच जमीन सावरणं, वाळवंट वाढणं थांबवणं आणि दुष्काळ हा आहे, आणि 2026 हे तर संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. म्हणजे जग धनगरांच्या माळाबद्दल बोलणार आहे.

5 जूनला मोजायला जाल तेव्हा रोपांबरोबर गवत पण बघा. पवन्या, मारवेल, कुसळी काय काय आहे ते. एखाद्या म्हाताऱ्या धनगराला बरोबर न्या.

सड्यावरची | 22 मे

रत्नागिरीहून, याला दुजोरा. आमच्या कातळसड्यांवर (उघड्या खडकाच्या पठारांवर) पण लोक पाच जूनला सुरुंग लावून खड्डे पाडून झाडं लावतात. आणि त्याच कातळावर जूनअखेर ते ऑक्टोबर बोटभर उंचीची फुलं येतात, जगात दुसरीकडे कुठे नसलेली सुद्धा.

बालाघाट_पायथा | 23 मे

दोन दिवस काही लिहिलं नाही. माळटिटवी भाऊंचं वाचून झोप आली नाही खरं सांगायचं तर. चार वर्षं आपण चांगलं करतोय असं वाटत होतं आणि गवत उपटून खड्डे करत होतो.

आमच्या गावात एक बाबा आहेत, सत्तरीच्या पुढचे, आयुष्य मेंढरामागे गेलं. त्यांच्याकडे जाऊन बसलो. विचारलं टेकडीवर काय काय होतं. ते म्हणाले, खड्डे केलेत तिथे मारवेल उगवत नाही आता, कुसळच येतं, मेंढराच्या तोंडाला टोचतं. आणि म्हणाले आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. 

मंडळाची बैठक रविवारी आहे.

नगरची_माहेरवाशीण | 24 मे

दादा मन लहान करू नका, कळलं तेव्हा बदलता येतं. आमच्या नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा, सगळ्यांना पोपटराव पवार माहीत आहेत, पद्मश्री पण मिळाली, पण त्यांच्या गावाचं मला सगळ्यात भावलेलं म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींना किती पाणी, पिण्याला किती, जनावरांना किती, आणि उरलं त्यावर यंदा कुठलं पीक घ्यायचं ते गाव बसून ठरवतं. शेतीला बोअर मारायचं नाही हा नियम. ते कुठल्या जागतिक दिवसाची वाट बघत नाहीत, दरवर्षी मोजतात.

आम्ही त्यावरून 22 मार्चला, जल दिनाला, आमच्या वस्तीवरच्या अकरा विहिरी मोजतो. दोरीला दगड बांधून सोडायचा, ओला झालेला भाग आणि कोरडा भाग वेगळा मोजायचा, काठापासून पाणी किती खाली आणि पाणी किती खोल. दीर म्हणतात आमच्या आजोबांच्या काळात परस या मापात (म्हणजे माणसाच्या उंचीवरून) सांगायचे, विहीर सहा परस, पाणी दोन परस. 22 मार्च आमच्याकडे बरोबर बसतो कारण तेव्हा रब्बी निघालेली असते आणि टंचाई तोंडावर असते, काही करायला अजून वेळ असतो.

रोपवाला | 24 मे

ओढ्याकाठ आहे का गावात? झाडं तिथे लावा. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन ओढ्याचीच झाडं आहेत. टेकडी गवताला सोडा.

बालाघाट_पायथा | 5 जून

मोजून आलो.

सकाळी सहालाच गेलो उन्हाच्या आत. मंडळाचे सहा जण, शाळेचे सर, चौदा पोरं आणि बाबा. जे दोघे नाराज होते त्यातला एक आला, एक नाही आला. बॅनर केलं नाही.

120 पैकी 17 जिवंत. नऊ करंज, सहा कडुनिंब, दोन बोरी. वड-पिंपळ एकही नाही, गुलमोहर एकही नाही. मेलेली आम्ही सगळी उपटली आणि त्यातल्या 31 ना पिशवी तशीच होती. पोरांनी त्या एका ओळीत मांडून ठेवल्या, कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. सरांनी आकडे फळ्यावर लिहितो म्हणून सांगितलं, शाळा उघडली की पहिल्या दिवशी.

मग बाबा पुढे आणि आम्ही मागे असं माळ फिरलो. त्यांनी सात प्रकारचं गवत दाखवलं, वाळक्या काडीवरून. एका गवताची काडी चुरगळून नाकाशी धरायला लावली, खरंच वास येतो. टेकडीच्या पश्चिम अंगाला जिथे आम्ही कधी खणलं नाही तिथे गवताच्या बुडाशी एक वाटीएवढं जुनं घरटं होतं, बाबा म्हणाले चंडुलाचं, गेल्या सालचं. एका पोराने ते उचलायला हात घातला तर म्हणाले राहू दे, तिथंच राहू दे.

ठरलं असं की वर आता एकही खड्डा नाही. जुने खड्डे बुजवायचे आणि तिथे मारवेलची ठोंबं लावायची, ती बाबा देणार. 17 झाडं जगलीत ती राहू द्यायची. नवीन 40 रोपं, पुरती चार डझन पण नाहीत, ओढ्याकाठी, आर्द्रा लागून जमीन भिजल्यावर.

माळटिटवी | 5 जून

दादा, काय लिहू. घरट्याजवळ जुलै-ऑगस्टात पोरांना नेऊ नका एवढंच, तेव्हा अंडी असतात. आणि मारवेलची ठोंबं दोन-तीन फुटणीची घ्या, एक-दीड फुटावर एक.

मिरजेचा_मेकॅनिक | 6 जून

31 पिशव्यांचा फोटो टाका जमलं तर. आमच्या गल्लीच्या मंडळाला दाखवतो, त्यांचा कार्यक्रम रविवारी आहे.

बालाघाट_पायथा | 9 जून

फोटो काढलाच नव्हता भाऊ, त्या वेळी सुचलं नाही. पण पिशव्या शाळेत ठेवल्यात, उद्या सरांकडून काढून घेतो.

मृग निघाला आणि काल रात्री पाऊस झाला, चांगला दोन तास. सकाळी खुरप्याने बघितलं, ओल चार बोटं गेलीय. अजून थांबतोय. रोपवाला, करंज 20, जांभूळ 10, उंबर 10 बाजूला काढून ठेवा, पाच फुटी. आणि उंबर पिशवीतलं असेल तर आधीच मोकळं करून बघा मुळं कशी आहेत.